नऊ इंच जास्तीची साखळी

वर्धा,
रविवार, ता. ११ जानेवारी १९५९

प्रिय प्रेमदास,

तुझं कार्ड मिळालं. वर ‘जयभीम’, खाली सही, आणि मधे मोजून सहा ओळी, त्यातल्या चार नकाराच्या. मैदानावर तू कधी इतक्या लवकर थांबला नाहीस. मी एकतीस मार्चला निवृत्त होतो आहे, माझ्या जागी खेळाचा मास्तर म्हणून तू यावंस, मी कमिटीशी बोललो आहे आणि कमिटी ‘तुम्ही म्हणाल तो’ म्हणते आहे, हे सगळं मी तुला सविस्तर कळवलं होतं. त्यावर तू लिहितोस, ‘मला स्वतःला मैल जमला नाही सर, मी दुसऱ्यांना काय शिकवणार? समुद्रपूरच्या शाळेत मी बरा आहे.’ बरा आहेस हे मला ठाऊक आहे. तुझी पोरं तालुक्यात पहिली आली हेही ठाऊक आहे, आणि दारात सायकल असून तू कितीदा तरी जामहून शाळेत पळत जातोस हे मोटारीच्या कंडक्टरने सांगितलं. पण तुझ्या त्या पहिल्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मी तुझा नकार घेणार नाही. कमिटी महिनाअखेरीस बसणार आहे. पत्र लांबणार, तेव्हा निवांत बसून वाच. शकुबाई आत्ताच डोकावून म्हणाली, ‘एवढं लंबं पत्र त तुमी मले बी कधी नाई लिहिलं.’ मी म्हटलं, तुझ्याशी भांडण तोंडानेच होतं, पोस्टाची गरज पडत नाही.

आधी थोडी माझी बढाई ऐक. निवृत्त होणाऱ्या माणसाला तेवढा हक्क असतो. अठ्ठेचाळीस साली मी या कॉलेजात आलो तेव्हा मैदान म्हणजे कापसाचं वावर होतं. पऱ्हाट्या उपटलेल्या, पण बुडखे जागच्या जागी. मी आणि पहिल्या वर्षाची तीस पोरं, आम्ही दिवाळीपर्यंत बुडखे खणत होतो. मग धावायची फेरी आखायची वेळ आली. कॉलेजकडे एक कापडी टेप होती, उड्या आणि फेकी मोजायला ठीक. पण चारशेचाळीस यार्डांची फेरी तिने कोण मोजत बसणार? सेलूचे किसनराव पटवारी त्याच वर्षी नोकरीतून मोकळे झाले होते. त्यांच्याकडे शेतं मोजायची जुनी लोखंडी साखळी होती, कामातून काढलेली. एक साखळी म्हणजे बावीस यार्ड, वीस साखळ्यांची एक फेरी, चार फेऱ्यांचा मैल. इतका सोपा हिशेब पाहून मी खूश झालो. किसनरावांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि जिथे जिथे साखळी भरली तिथे आम्ही दगडी खुंट पुरले. ते खुंट आजतागायत हललेले नाहीत. साखळी किसनरावांनी मलाच देऊन टाकली. तेव्हापासून दर दसऱ्याला मी खेळाच्या खोलीत पूजा मांडतो, ती तू पाहिली आहेस. गोळा, भाला, स्टॉपवॉच आणि मधोमध ती साखळी वेटोळं करून ठेवलेली, हळदकुंकू लावून, वर आपट्याची पानं आणि झेंडूची फुलं.

माझी पद्धत तुला पाठच असेल. खोलीबाहेर काळी पाटी, पाटीवर प्रत्येक खेळापुढे मी ठरवलेला आकडा. आकडा गाठला तो नागपूरला युनिव्हर्सिटीच्या सामन्यांना जाणार, नाही गाठला तो घरी बसणार. प्राचार्यांचा भाचा शंभर यार्डांत एक पंचमांश सेकंदाने राहिला होता. त्याला मी घरी बसवला, आणि प्राचार्य पुढे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगायचो की घड्याळाला नातं कळत नाही, गाव कळत नाही आणि जातही कळत नाही. हे वाक्य मला फार आवडायचं. स्नेहसंमेलनाच्या भाषणात मी ते दरवर्षी म्हणायचो आणि दरवर्षी टाळ्या घ्यायचो.

आणि टाळ्या उगीच नव्हत्या, बरं का. सेलूचा बापूराव आठवतो ना, गोळावाला? जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलून खांदे झालेले, पण गोळा कसा धरायचा ते ठाऊक नाही. दोन महिने मी त्याला नुसता गोळा गालाला लावून उभा करत होतो. निवडीच्या दिवशी पठ्ठ्या छत्तीस फुटांना एक इंच कमी पडला. मला काही ते पटेना. एवढा गडी आणि एका इंचाने राहतो म्हणजे काय! मी तीनदा मोजलं. तरी पटेना, तेव्हा टेपच जमिनीवर पसरली आणि लाकडी फूटपट्टी लावत, गुडघ्यांवर रांगत, फूट न् फूट तपासला. टेप ओढून ओढून दोन इंच लांबली होती! बापूराव नागपूरला गेला, त्या वर्षी दुसरा आला, पुढच्या वर्षी पहिला. आज पोलिसात जमादार आहे. नवी टेप मी त्याच आठवड्यात मागवली. मग हिंगणघाटची सुलोचना. तिचे वडील अण्णाजी म्हणाले, ‘मास्तर, पोरगी उड्या मारते म्हनतीन लोकं.’ मी म्हटलं, ‘म्हनू द्या ना. फक्त पंधरा फूट नऊ इंच मारते, हे बी म्हना म्हनावं.’ ती आता नागपूरला मुलींच्या शाळेत खेळ शिकवते, आणि तिचा आकडा अजून आपल्या कॉलेजातली कोणी मुलगी गाठू शकलेली नाही. दहा वर्षांत सात पहिले नंबर आणले मी, प्रेमदास, एका कापसाच्या वावरातून.

फक्त मैल कधी आला नाही. दरवर्षी पोरं पळायची, जीव तोडून पळायची, आणि माझ्या चार मिनिटं चाळीस सेकंदांच्या बाहेरच राहायची. मी त्यावर एक सिद्धान्तही काढला होता. वर्ध्याच्या पोरात ताकद आहे पण दम नाही. गोळा पिकेल, भाला पिकेल, मैल पिकणार नाही. हेही मी भाषणात म्हटलेलं आहे. तू पहिल्या रांगेत बसला होतास. त्या वेळी तुझ्याकडे पाहून मी हसलोही होतो, कारण आता हा पोरगा मला खोटं पाडणार असं मला मनातून वाटत होतं.

त्रेपन्नच्या जुलैत तू आलास. पहिल्या आठवड्यात मी पोरांना दोन फेऱ्या पळायला लावल्या आणि तू चार पळून उभा राहिलास. वर मलाच विचारलंस, ‘सर, इतकंच?’ अनवाणी, हाफपँट, आणि श्वास असा की जणू पाणी भरून आलास. मी त्या दिवशी घरी जाऊन शकुबाईला म्हटलं, एक पोरगा सापडला. पुढचे पाच महिने तू माझ्या म्हणण्याबाहेर एक पाऊल टाकलं नाहीस. मी म्हणालो तेव्हा उठलास, मी म्हणालो ते खाल्लंस, म्हणजे वसतिगृहात जे मिळे त्यातलं. व्यायामाच्या कॉलेजात जायचं तुझ्या मनात होतं, आणि युनिव्हर्सिटीचं एक सर्टिफिकेट हाती असतं तर ते दार उघडलं असतं. मला ते पुरतं ठाऊक होतं.

डिसेंबरातल्या निवडीला तुझी आई जामहून आली होती. तानाबाईंनी त्याआधी कॉलेज पाहिलं नव्हतं. निंबाखाली बसून त्यांनी तिन्ही दिवस तुझी शर्यत पाहिली. पहिल्या दिवशी तुझे चार चव्वेचाळीस, दुसऱ्या दिवशी चार त्रेचाळीस, तिसऱ्या दिवशी चार बेचाळीस. दुसरा आलेला तुझ्या मागे अर्धी फेरी होता. तिसऱ्या दिवशी शर्यतीआधी त्यांनी फडकं सोडून ज्वारीची भाकर आणि ठेचा माझ्यापुढे धरला. ‘सकाळपासून उभेच हाये तुमी, दोन घास खाऊन घ्या.’ मी म्हटलं, ‘नको, माह्यं जेवन झालं.’ मग तू पळालास, मी घड्याळ दाबलं आणि पाटीवर तुझ्या नावापुढे काट मारली. त्या उठून माझ्याजवळ आल्या. ‘मास्तर, माहा पोरगा सगळ्यायच्या समोर आला, मंग त्याले काऊन नाई नेत?’ मी घड्याळ त्यांच्यापुढे धरलं आणि माझं ते आवडतं वाक्य म्हटलं, की याला कोणाची जात समजत नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘घड्याळाले नसंन समजत मास्तर. पन घड्याळ धरनाऱ्याले समजते.’ तू त्यांचा हात धरून त्यांना बाजूला नेलंस आणि वर माझीच माफी मागितलीस. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढा सरळ माणूस मी, आणि मला असं बोलावं? मी दोन दिवस घरात सगळ्यांशी तुसडेपणाने वागलो.

त्यानंतर तू परीक्षा दिलीस, पास झालास, पण मैदानावर पुन्हा पाऊल ठेवलं नाहीस. माझ्यावर कधी ओरडला नाहीस, उलट दर दोन-चार महिन्यांनी कार्ड येत राहिलं. मास्तरकी मिळाल्याचं, लग्नाचं, मीराबाई फार शहाणी असल्याचं. छप्पनच्या दसऱ्याला जामहून नागपूरपर्यंतची वाट माणसांनी भरली होती, त्यात तू आईला घेऊन पायी गेलास आणि धम्मदीक्षा घेऊन आलास. परतल्यावर तू लिहिलंस, ‘घरातले देव काढले सर. आता स्वतः तपासल्याशिवाय काही मानायचं नाही असं ठरवलं आहे.’ ते वाचून मी हसलो होतो. म्हटलं, पोरगा मोठमोठं बोलायला शिकला. तू तिकडे दीक्षाभूमीवर उभा होतास त्या दिवशी मी इकडे माझ्या साखळीला फुलं वाहत होतो, दहापैकी आठवं वर्ष.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. कॉलेजला मैदानाच्या कडेने भिंत घालायची आहे, म्हणून बांधकामाचे ओव्हरसियर आले. रूपराव त्यांचं नाव, चटपटीत माणूस, हातात नवी कोरी पोलादी टेप. भिंतीचं माप झाल्यावर मी मोठ्या ऐटीत म्हटलं, ‘आमची फेरी बी मोजून पाहा, एक इंच इकडचा तिकडे नाई भेटनार.’ त्यांनी खुंटाखुंटाने फेरी मोजली आणि वही माझ्यापुढे धरली. चारशे पंचेचाळीस यार्ड. मी म्हटलं, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग मी खोलीतून साखळी आणली, दसऱ्याचं कुंकू अजून कड्यांत होतं. ती ताणून पोलादी टेपेशेजारी टाकली. नऊ इंच जास्ती! कडी न् कडी झिजून सैल झालेली. एका साखळीला नऊ इंच, वीस साखळ्यांना पंधरा फूट, म्हणजे फेरीला पाच यार्ड, मैलाला वीस. कामातून काढलेली साखळी का काढली होती हे मला तेव्हा कळलं, किसनरावांना विचारायचं मात्र मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं. रूपराव हसून म्हणाले, ‘जाऊ द्या मास्तर, पोरं जास्ती पळाले, तब्येत बनली त्यायची.’ मीही हसलो. घरी येईपर्यंत हसतच होतो.

घरी येऊन मी सगळी जुनी रजिस्टरं काढली आणि दुपारभर अंगणात बसून प्रत्येक मैलवाल्याचा आकडा खऱ्या मैलावर आणला. अकरा पोरं निघाली. दहा जण दुरुस्त करूनही चार चाळीसच्या बाहेरच राहतात, त्यांच्यापुरता मी सुटलो. अकरावा तू. चार बेचाळीसचे होतात चार अडतीस आणि चार पंचमांश. त्या वर्षी नागपूरला जो पहिला आला त्याचा आकडा माझ्या रजिस्टरात आहे, चार एकोणचाळीस आणि दोन पंचमांश. तू जिंकलाच असतास असं मी म्हणणार नाही. शर्यत गणिताने जिंकली जात नाही, हे मीच तुला शिकवलं. पण तू तिथे उभा राहायला हवा होतास, आणि तुला उभं राहू दिलं नाही ते मी. मैल तुला जमला होता, प्रेमदास. तिसऱ्या दिवशी तू मैल पुरा केलास, वर वीस यार्ड माझ्या आळसापायी जास्तीचे पळालास. ते वाक्य कार्डावरून खोडून टाक, आणि कुठे दुसरीकडे लिहिलं असशील, मनात लिहिलं असशील, तर तिथूनही खोड.

एवढंच असतं तर मी हे मोटारीत बसून येऊन सांगितलं असतं. पण पुढचं तुझ्या डोळ्यांत बघून सांगायची हिंमत होईना, म्हणून हे पत्र. साखळी लांबली ही चूक होती. लोखंड झिजतं, माणूस विसरतो, ती चूक तू माफ करशील आणि कालांतराने मीही स्वतःला करीन. पण बापूरावाचा एक इंच मला पटला नव्हता, म्हणून मी गुडघ्यांवर रांगत टेप तपासली होती, आणि टेप लांबते हे त्याच दिवशी शिकलो होतो. तुझे दोन सेकंद मात्र मला तिथल्या तिथे पटले. वीस पावलांवर क्रिकेटची खेळपट्टी होती, नव्या टेपने मोजलेली, बावीस यार्ड, म्हणजे बरोबर एक साखळी. साखळी नुसती तिच्यावर टाकून पाहायची होती. ती का टाकली नाही, याचं उत्तर तुझ्या आईने त्याच दिवशी दिलं होतं आणि मी रागावून घरी गेलो होतो. आणखी एक. त्या दिवशी माझं जेवण झालेलं नव्हतं. शकुबाईने दिलेला डबा खोलीत तसाच होता. मैदान रिकामं झाल्यावर मी तो दार लावून एकट्याने खाल्ला. मला लाज वाटते, प्रेमदास. पण मास्तर अजून मास्तरच आहे, म्हणून ऐक. या मैदानाला आता न तपासता काही न मानणारा माणूस पाहिजे, आणि तसा मला एकच ठाऊक आहे. खुंट उपटायचे आहेत, फेरी नव्याने मोजायची आहे, पोलादी टेप मी रूपरावांकडून मागून ठेवली आहे. तिचं एक टोक मी धरीन, दुसरं तू धर, आणि नंतर मला एक खरा मैल पळून दाखव. मी येत्या रविवारी सकाळच्या मोटारीने जामला उतरतो. नोकरीचं हो-नाही तेव्हा तोंडावर सांग, जे सांगशील ते मी ऐकून घेईन. आईला मात्र आजच सांगून ठेव की मास्तर या वेळी जेवून येणार नाहीत.

तुझाच,
वासुदेव मास्तर